कलावतीचा व

आमच्या केजच्या घरी दर पंधरा दिवसांनी एका दुपारी सगळ्या गल्लीला ठसका लागायचा. आई तंबाखू भाजायला बसली, हे वेगळं सांगावं लागत नसे. तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून अप्पांनी तिला एक उथळ तवा करून दिला होता. त्यावर ती तंबाखूची पानं पसरायची, जाळ मागे ओढून निखाऱ्यावर तवा ठेवायची आणि नाकाला पदर लावून उलथन्यानं हलवत राहायची. पानं आधी तपकिरी व्हायची, मग काळी कुळकुळीत. शेजारच्या दारातून कुणीतरी खोकत ओरडायचं, "वहिनी, झाली का न्हाई आजून?" आणि आई खोकतच उत्तर द्यायची, "झाली, वाटी घिऊन ये!" खोकणाऱ्या त्याच बायका अर्ध्या तासात वाट्या घेऊन ओट्यावर हजर असायच्या. आईच्या हातची मिश्री गल्लीत नावाजलेली होती. कच्ची नाही, जळकी नाही, आणि तळहातावर चुरून इतकी बारीक केलेली की फुंकर मारली तर उडून जाईल.

मिश्री म्हणजे दात घासायची पूड, असं आम्ही सगळ्याच समजत होतो. तंबाखू खाणारे पुरुष वेगळे, आम्ही फक्त दात घासायचो. आता दिवसातून पाच-सहा वेळा कुणी दात घासतं का, हा प्रश्न आमच्या गल्लीत कुणालाच पडला नव्हता. मला बाराव्या वर्षी दाढ दुखली म्हणून आईनं मायेनं चिमूटभर हिरडीवर चोळली. घर गरगर फिरलं, मी ओट्यावरून खाली ओकले, आणि दाढ दुखायची थांबली. महिन्याभरात चक्कर यायची बंद झाली आणि मिश्री लावायची सुरू झाली. ज्या दिवसांची ही गोष्ट आहे तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, दहावी होऊन घरी बसलेली. बामची एक रिकामी डबी मिश्रीनं भरून कमरेला खोचल्याशिवाय मी घराचा उंबरा ओलांडत नव्हते. सकाळी उठल्यावर एकदा, चहानंतर एकदा, आणि मग दिवसभर जेव्हा डोकं जड होईल तेव्हा. उजव्या हाताची तर्जनी कायम काळी. धाकटा भाऊ शिवा म्हणायचा, "आक्का, तुपलं बोट कापून जाळलं तर इस्तू आठ दिस विझायचा न्हाई."

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या बाजूला. माझ्या लहानपणी तिथं सगळीकडे पितळ पिवळं चमकायचं. मग दोन-तीन वर्षांत बघता बघता दुकान पांढरं झालं. स्टील आलं. खेड्यांतून जीप भरभरून लोक यायचे आणि लेकीच्या लग्नाला स्टीलच पाहिजे म्हणायचे. समोरच्या रस्त्यावर जीपवाले "कळंब, कळंब, कळंब" ओरडत असायचे, एसटी स्टँडवरून हॉर्न ऐकू यायचे, आणि दुकानात या सगळ्यावर एक आवाज असायचा, नाव टाकायच्या मशीनचा. घुर्रर्र. पितळेवर अप्पा छिन्नी-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचे. स्टील छिन्नीला दाद देईना, म्हणून त्यांनी विजेवर चालणारं ते पेनासारखं मशीन आणलं. पण त्यांची नजर अधू झालेली, आणि शिवाचं अक्षर मुंग्या फिरल्यासारखं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं. अप्पांनी एक दिवस मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नंदे, आजपासून हे तुझं."

त्या मशीनवर माझा जीव होता, हे आज मी न लाजता सांगते. धातूवर पहिली रेघ उमटते तेव्हा दातांपर्यंत एक कळ जाते. चुकलं तर खोडता येत नाही. अप्पांचा नियम असा की, गिऱ्हाइकाला नाव दोनदा म्हणायला लावायचं, मग आपण एकदा म्हणायचं आणि मगच मशीन टेकवायचं. ते स्वतः सकाळी आंघोळ, शिवपूजा झाल्याशिवाय दुकानाच्या फळ्या काढत नसत, पण देवाधर्मावर फार बोलत नसत. घरात त्यांची एकच गोष्ट कडक. आमच्या हातून काही फुटलं, सांडलं, हरवलं तरी ते चकार शब्द काढत नसत. पण "मी न्हाई केलं" असं खोटं बोललं, की दोन दिवस आमच्याशी बोलणं बंद. मार परवडला असता. जेवताना ते येसरची आमटी वाढायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे, आम्ही तिथंच बसलेलो असताना. त्यामुळे खोटं बोलणं हा प्रकार मला आणि शिवाला जमतच नव्हता. चांगुलपणा म्हणून नव्हे, सवयच नव्हती.

मिश्री सोडायचा प्रयत्न मी तोवर तीनदा केला होता. एकदा शाळेत आलेल्या एका डॉक्टरांनी सडलेल्या जबड्यांची रंगीत चित्रं दाखवली होती. ती बघून मी इतकी घाबरले की घरी येऊन भीती जायला मिश्री लावली. एकदा महाशिवरात्रीला महादेवापुढं शपथ घेतली. ती दुपारच्या साबुदाण्यापर्यंत टिकली. तिसऱ्यांदा शिवाशी पैज लावली, ती हरले, आणि महिनाभर त्याचे कपडे धुतले. जबड्याची भीती वाटे, देवाचीही वाटे, पण तल्लफ आली की दोन्ही भीत्या बाजूला सरकून तिला वाट करून देत.

त्या वर्षी लग्नसराई जोरात होती. आई तिच्या माहेरी लग्नाला अंबाजोगाईला गेली आणि जाताना मिश्रीची बरणी रिकामी ठेवून गेली. सकाळपासून माझ्या डबीत कण नव्हता. दुकानात ही गर्दी. कानात गुणगुण, डोकं भणभण, हाताला घाम. अप्पा एका वऱ्हाडाला हंडे दाखवत होते. तेवढ्यात एक पन्नाशीची बाई माझ्यापुढं येऊन बसली. काळीसावळी, काटक, कपाळाला मोठं कुंकू. तिनं शेळी विकून स्टीलची घागर घेतली होती आणि ती मांडीवर लेकरासारखी धरली होती.

"मपलं नाव टाक," ती म्हणाली. आमच्या भागात 'माझं'ला 'मपलं' म्हणतात.

"मालकांचं काय नाव, मावशी?" मी सवयीनं विचारलं. बायका घागर घेऊन यायच्या आणि नाव नवऱ्याचं, सासऱ्याचं, नाहीतर आहेर देणाऱ्या भावाचं टाकून न्यायच्या.

"मालकाचं कावून? शेळी मपली, घागर मपली. घरातल्या समद्या भांड्यावर दुसऱ्याचीच नावं हायेत. कलावती टाक. निस्तं कलावती."

मी 'क' काढला. 'ला' काढला. तेवढ्यात समोरच्या दारातून शेजारीण हात हलवत ओरडली, "नंदे, घावली ग, माझ्याकडं हाय चिमूटभर. ये लवकर!" माझं मन तिथून उठून रस्त्यापलीकडं गेलं. हात मात्र मशीनवर राहिला. त्यानं 'ती' काढला आणि थांबला. मी बघितलं. 'कलाती'. मध्ये 'व' नाहीच, आणि घालायला जागाही नाही.

बाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "आलं का ग नीट?"

तिला वाचता येत नव्हतं. मला तिच्या बोटावरून ते कळलं. वाचणारा माणूस अक्षरावर नजर टाकतो, ती बोटानं चाचपत होती.

"आलं, मावशी," मी म्हणाले, आणि रस्ता ओलांडून पळाले.

कलावतीबाई परत आली ती पाच-सहा महिन्यांनी, बाजारच्या दिवशी. डोक्यावर घागर. ती तिनं गल्ल्यापुढं उलटी-सुलटी न करता नावाची बाजू अप्पांकडं करून ठेवली.

"अप्पा, यात 'व' कुठंय?"

तिच्या गावात मोठ्या माणसांचे वर्ग सुरू झाले होते. दिवेलागणीला बायका पाटी घेऊन शाळेत बसायच्या. गुरुजींनी आपापलं नाव लिहायला सांगितलं, तेव्हा ही घागरीवरचं पाठ करून गेली आणि पाटीवर 'कलाती' लिहिलं. गुरुजी म्हणाले, व राहिला. ही म्हणाली, न्हाई राह्यला. "मी त्यांच्याशी दोन दिस भांडले," ती सांगत होती. "मनलं, मपल्या घागरीवर केजच्या दुकानात मशिनीनं लिवलंय, ते चुकंल का? तुमीच चुकीचं शिकवायलाव. समद्या बायांपुढं भांडले. मग गुरुजी घरी आले आन् घागर बगितली."

अप्पांनी चष्मा लावला, घागर उजेडाकडं धरली, आणि मग माझ्याकडं वळले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"नंदे, तुला तवाच कळलं व्हतं का?"

'नजरचुकीनं राहिलं' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. ते वाक्य माझ्या ओठावर आलंही होतं. पण ती बाई माझ्या एका शब्दाच्या भरवशावर दोन दिवस भांडली होती. तिच्या तोंडाकडं बघून दुसरं खोटं मला बोलवेना.

"कळलं होतं," मी म्हणाले.

"मग सांगितलं न्हाईस?" कलावतीबाईचा आवाज खाली आला. "मला वाचाया येत न्हाई म्हणून?"

"हो."

ती खाली पोत्यावर बसली. इतकी वर्षं झाली, पण ती गप्प बसलेली अजून मला दिसते. ती ओरडली असती तर मी रडून मोकळी झाले असते. शेवटी तिनंच विचारलं, "आगं पर कावून?"

मग मी सगळं सांगितलं. आई गावाला गेलती, डबी रिकामी होती, सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं, शेजारणीनं हाक मारली आणि माझं लक्ष मिश्रीकडं गेलं. अप्पांच्या देखत, गिऱ्हाइकांच्या देखत. अप्पा खाली मान घालून ऐकत होते.

कलावतीबाईनं ऐकून घेतलं, आणि मग ती अचानक हसायलाच लागली. हसताना तिचे दात दिसले. माझ्यापेक्षा काळे. तिनं कमरेची डबी काढून गल्ल्यावर ठेवली. "आगं बये! तल्लफ आलती तर सांगायचं की! त्या दिशी भरलेली डबी व्हती मपल्या कमरंला. मीच दिली असती!"

सगळं दुकान हसलं. अप्पासुद्धा. "घे," ती डबी उघडून म्हणाली, "आता तरी लाव आन् मपलं नाव नीट टाक."

त्याही वेळी मला तल्लफ होतीच, खोटं कशाला सांगू. बोट डबीपर्यंत गेलं. आणि तिथंच मला विलक्षण लाज वाटली. या बाईचं नाव मी एकदा मिश्रीपायी खाल्लं होतं. पुन्हा मिश्री लावूनच ते लिहायचं?

"आधी नाव," मी म्हणाले. "मग बघू."

मी आत गेले आणि माळ्यावरून माझ्या रुखवतासाठी ठेवलेली पितळेची घागर काढून आणली. मशीन लावलं, आणि वीज गेली. त्या दिवसांत ती गेली की दोन-तीन तास यायची नाही. उघडी डबी समोर, तिचा वास नाकात, आणि मशीन मुकं. शिवा म्हणाला, "देवाच्या मनातच न्हाई." तेव्हा अप्पांनी गल्ल्याखालून कापडात गुंडाळलेली छिन्नी आणि हातोडी काढून माझ्यापुढं ठेवली. "पितळ हाय. होतंय."

छिन्नीला दोन्ही हात लागतात. एकेक ठिपका. ठक. ठक. चार अक्षरांना मला तासभर लागला. कलावतीबाई शेजारी मांडी घालून बसली आणि प्रत्येक अक्षर पुरं झालं की मोठ्यानं म्हणाली. "क." मग, "ला." 'व'ची गाठ गोल व्हायला लागली तेव्हा बाजार करायला आलेली दोन माणसंही वाकून बघत होती. "व!" ती ओरडली, "आला बगा व!" शेवटी तिनं एक एक अक्षर बोट ठेवून वाचलं, पुन्हा शेवटाकडून वाचलं, आणि घागर उचलली. जुनी घागरही काखेत घेतली. "ही शेळीला पाणी पाजायला. नवी शेळी घेतलीय, तिचं नाव कलाती ठिवते."

ती गेल्यावर मी मिश्री लावली का? लावली. आत जाऊन, दोन चिमट्या. पण त्या तासाभरात एक गोष्ट मला कळली होती: तल्लफ येते, बसते, कंटाळते आणि निघूनही जाते, जर हातात दुसऱ्याचं नाव असेल तर. तेव्हा मी मनाशी एवढंच ठरवलं की, मशीनवर बसल्यावर मिश्री नाही. जन्मभराची शपथ नाही, देव नाही, पैज नाही. फक्त ज्याचं नाव माझ्या हाताखाली आहे, त्याचं होईपर्यंत नाही. हे मला पाळता येण्यासारखं होतं, कारण नाव नीट लिहिणं मला मिश्रीपेक्षा जास्त आवडत होतं. स्वतःच्या जबड्यावर माझं तेवढं प्रेम नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. सकाळी आठला मशीनवर बसले की दुपारी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खायला उठायचं, की पुन्हा दिवेलागणीपर्यंत घुर्रर्र. 'मामाकडून सप्रेम भेट', 'चि. सौ. कां.' आणि कुठल्या कुठल्या गावांची नावं. पहिले आठ दिवस मी साऱ्या घरावर वसकत होते. पोट साफ होईना. मिश्रीशिवाय ते होतं हेच मी विसरले होते. शिवानं मला दारातूनच चहा द्यायला सुरुवात केली, हात लांब करून. मग हळूहळू डोकं हलकं व्हायला लागलं. भाताला वास असतो, कोथिंबिरीला चव असते, हे मला एकोणिसाव्या वर्षी नव्यानं समजलं. लग्नसराई संपली तेव्हा मी फक्त सकाळची एक वेळ लावत होते, आणि एके सकाळी तीही विसरले.

खरा घोटाळा झाला तो आषाढानंतर. लग्नं बंद, दुकान सुनं, मशीन धूळ खात. चौथ्या दिवशी मी आईच्या बरणीत बोट घातलं. रडू आलं. अप्पांनी बघितलं आणि घरातला झारा माझ्यापुढं आणून ठेवला. "ह्याच्यावर आईचं नाव टाक." दुसऱ्या दिवशी उलथनं. मग चिमटा, किसणी, आंघोळीचा तांब्या. घरातलं संपल्यावर शिवा गल्लीतून भांडी गोळा करून आणू लागला, फुकट नाव टाकून मिळेल अशी हाळी देत. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत नाव नसलेली वस्तू उरली नाही. शेजारणीच्या म्हशीच्या बादलीवर म्हशीचं नाव आहे. शिवाच्या कंपासपेटीवर त्याचं संपूर्ण नाव, पत्ता आणि 'चोराने परत करावी' एवढा मजकूर आहे. आई रोज सकाळी मिश्री लावत माझं काम बघायची आणि म्हणायची, "माझ्या हातची इतकी चांगली मिश्री, आन् पोटच्या पोरीलाच नको!" तिला ते थोडं लागलं होतं. तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. मीही कधी तिच्या मागे लागले नाही. जी चिमूट तिनं माझ्या दाढेवर चोळली होती ती मायेचीच होती.

आता नावं कॉम्प्युटरवर निघतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतात आणि छान होतात. लोक मला विचारतात, सुटली कशी? मी खरं ते सांगते, तर त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतेय.

त्या पावसाळ्यानंतर पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं, दिंद्रुडच्या एका व्यापारी घरात. तिथं सासूला आत्या म्हणायचे. पहिल्याच सकाळी अंगणात पाच-सहा पाहुण्या बायका ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीचं बोट तोंडात. आत्यांनी मला जवळ बसवलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्या कौतुकानं आपली चांदीची डबी उघडून माझ्यापुढं धरली. घरातल्या सुनेला दिलेला तो मान होता. माझ्या नाकात तो ओळखीचा वास भरला. घेतली असती तर एकीचीही भुवई वर गेली नसती. 'मला ठसका लागतो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आत्या, मी लावायचे. लई लावायचे," मी म्हणाले. "एका बाईचं नाव चुकलं माझ्या हातून त्यापायी. सोडलीय. भाजून मात्र देईन, आईसारखी."

बायका थांबल्या. आत्यांनी डबी मिटली. "आता हिच्यासमोर मी एकटीनंच लावू व्हय?" म्हणाल्या, आणि उठून कडुनिंबाच्या दोन काड्या तोडून आणल्या. त्या सकाळी आम्ही दोघींनी काडीनं दात घासले, तोंडं वाकडी करत, एकमेकींकडं बघून हसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मिश्री लावली. पण माझ्याकडं पाठ करून. पुढं एकवीस वर्षं आम्ही एका घरात नांदलो. त्यांनी माझ्याकडं तोंड करून ती कधी लावली नाही.